गोरज, सहा बेचाळीस

मुहूर्त सहा बेचाळीसचा.
म्हणजे ज्या दहा मिनिटांत आभाळ
हातचं सुटत जातं, नेमकी तीच.

म्हात्रे पुलाजवळचं लॉन, नदीचा वास,
स्टेजमागे जांभळी एलईडीची भिंत,
जगदाळे व्हिडिओवाल्याचा पिवळाधमक हॅलोजन,
आणि लांब टेकडीवर
फुकटचा, संपत आलेला निळा.
इतके उजेड, आणि अंग एकाच नवरीचं.

मी फ्लॅशला नारिंगी जिलेटीन चिकटवतो.
पिवळ्यात पिवळा मिसळला
की कुठला कुणी आणला ते कळत नाही.
कॅम्पातले होमी मास्तर म्हणायचे,
उजेड आधीपासून घरात बसलेला असतो,
तू पाहुणा. चपला बाहेर काढ.

अंतरपाट धरला.
शटर आभाळाचं, फ्लॅश नवरीचा,
गणित एवढंच, बाकी श्वास धरणं.
एकशेपंचवीस.
पहिली मावशी सूर पकडते. साठ.
दुसरी वही उघडते, चष्मा पर्समध्ये राहिलेला,
तशीच म्हणते, चुकते, पुढे जाते. तीस.
तौफिक डावीकडे छत्री धरून,
डोक्यावर डासांचा ढग, हलत नाही.

सकाळी गौरीहरापाशी ऋजुतानं
मला बाजूला बोलावलं होतं.
काका, आईचं परवा मोतीबिंदूचं झालंय.
लग्न नीट दिसावं म्हणून हट्टानं करून घेतलं,
तारीख मिळाली ती अशी.
तिच्यावर फ्लॅश नका ना मारू.

त्यात काय, म्हटलं मी.
अक्षता पडताना नवरीची आई
तुळशीपाशी असते, रिवाजच आहे.
फ्रेममध्ये यायचा प्रश्नच नाही.

आणि आता, पंधरावर आलोय,
तर मामाच्या खांद्यामागे
काळा गॉगल लावून सुलभाताई.
गुरुजी बघतात. आत्या बघते.
त्या कुणाकडेच बघत नाहीत.

मी तौफिकला खूण केली. छत्री खाली.
त्याला वाटलं, मी चुकलो.
पुन्हा केली.
जगदाळेला म्हटलं, हॅलोजन वळव कापडाकडे.
तो म्हणाला, माझा धंदा बसवतोस काय,
पण वळवला.

मग उरला तो उजेड
खरं तर मोजण्यासारखा नव्हताच.
आयएसओ सहा हजार चारशे.
दाणे पडतील.
पडू देत. आज दाणे पडायचाच दिवस आहे.

शेवटच्या सावधानला
त्यांनी गॉगल काढला.
अंतरपाट सरकला, हार वर गेले,
सगळं मांडव हललं, वाजलं, ओरडलं,
त्या एकट्या हलल्या नाहीत.
त्यामुळे फोटोत नवरी जराशी पुसट,
नवरदेवाचे हात म्हणजे दोन पांढरे फराटे,
अक्षतांच्या रेघा,
आणि मधोमध स्थिर, पापणी न पुसट होता,
आई.

जेवणाच्या रांगेत त्या माझ्याजवळ आल्या.
गॉगल पुन्हा चढवलेला.
तुम्ही रंगांतले, तुम्हांला विचारते, म्हणाल्या.
आभाळ एवढं निळं आधीपासून असतं?
आणि तिची अष्टपुत्री.
दुकानात मी पिवळी म्हणून घेतली,
ही तर जवळजवळ पांढरीच आहे की.
किती वर्षं पिवळंच बघत होते, कोण जाणे.

माझ्या बोटाला जिलेटीनचा डिंक होता.
मी म्हटलं, असतं. साधारण असंच असतं.
रोज नाही टिकत.

नवरदेवाचा भाऊ स्क्रीनवर वाकला,
अहो, मेन फोटो अंधारात! फ्लॅश गेला काय?

गेला, म्हटलं. सेल संपले ऐनवेळी.

तौफिकनं माझ्याकडे पाहिलं.
त्याच्या खिशात चार भरलेले सेल,
दुपारीच बदललेले.
मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावून
तो दुसरीकडे बघायला लागला.