डोळा शार्प हवा

आई, खिडकी उघडून आतून फोटो काढू नकोस,
यार्मो फोनवर सांगतो,
घरातली ऊब बाहेर पळते, हवा थरथरते,
आणि तू म्हणतेस लेन्स बिघडली.
म्हणून मी आता पडवीत,
गुडघ्यांखाली रेनडिअरचं कातडं,
काखेत जादा बॅटरी, अंडं उबवावं तशी.

कूह्‌मोत डिसेंबरात उजेड
दहाला येतो, दोनला निघतो,
कोटही न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
तेवढ्यात काय ते उरकायचं.

बत्तीस वर्षं या गावात टपाल वाटलं,
हात कधी हलला नाही.
आता कप बशीत वाजतो.
पण सेकंदाचा सोळाशेवा भाग
इतका छोटा असतो
की त्यात माझं कापरं मावतच नाही.
हे मला फार आवडलं.

बर्फ कॅमेऱ्याला फसवतो,
पांढऱ्याचं राखाडी करायला लावतो,
एक स्टॉप वर घ्यायचं.
बर्चची फांदी मीच रोवली आहे, दगडफूल धरलेली,
दाण्यांच्या डब्यापासून हातभर लांब,
कारण टिट थेट डब्यावर येत नाही,
आधी कुठेतरी बसून विचार करते.
तो विचार टिपायचा.
तिच्या उंचीला वाकायचं, फोकस डोळ्यावर.
शेपूट धूसर चालेल, पंख चालेल,
डोळा नाही.

आज तुऱ्याची टिट आली.
अंगठ्यापेक्षा जरा मोठी.
बटण दाबून धरलं, चौदा फ्रेम.
तेरांत रिकामी फांदी, एखाद्या शेपटीचं टोक.
चौदावीत ती आहे,
पण फोकस तिला सोडून मागे सरकला,
ती नुसता तपकिरी धुक्याचा ठिपका,
आणि मागे, कुंपणाच्या फाटकाशी,
केसन् केस स्पष्ट,
ताउनो हुर्स्काइनेन.
हातात बादली.
माझ्या पायवाटेवर चुलीतली राख पसरतोय.

मला वाटायचं, राख नगरपालिकेचा माणूस टाकतो.

हद्दीवरच्या एका स्प्रूससाठी
आम्ही अकरा वर्षं बोललो नाही.
नोकरीत होते तेव्हाही
त्याचं पार्सल मी पायरीवर ठेवायची,
बेल न वाजवता.

मोठं करून पाहिलं.
भुवयांवर दंव.
डावा हातमोजा अंगठ्याशी उसवलेला.
डोळा शार्प.

यार्मोला हा पाठवला नाही.
म्हणेल, फोकस चुकला, डिलीट कर.

उद्या फांदी तिथेच राहील.
अ‍ॅपर्चर अकरावर नेईन,
म्हणजे टिटही येईल आणि फाटकही, जमलं तर.
उजेड पुरणार नाही, ठाऊक आहे.
आयएसओ चढवावा लागेल,
फोटोत दाणे दिसतील.
दिसू देत.

आणि लोकरीचा गुंडा कुठे ठेवलाय
तो शोधायला हवा, करडा असला तर बरं.