क्रियापद

दप्तरखान्यात, जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांखाली,
एक पत्र्याची पेटी आहे.
कुठल्याच रजिस्टरला तिची नोंद नाही.
धरणगाव नगरपालिकेत बावीस वर्षं
मी तिच्यावर डबा ठेवून जेवतो.

आत अकरा वह्या, सगळ्या जर्मन.
अक्षर असं, की मुंग्यांची रांग फुटावी
आणि पुढं जाऊन पुन्हा जुळावी.
लिहिणारा एमिल ब्रेट्श्नायडर.
गावाच्या जिभेला ते पेललं नाही,
गावानं इमलभाऊ केलं.

एकोणचाळीस साली जिनात आला, यंत्राचे पट्टे बसवायला.
मागे छापलेली एक कादंबरी होती म्हणे,
ती तिकडं भर चौकात जाळली.
सांगताना हसायचा:
"चांगली पेटली. कागद भारी होता."
मग लढाई लागली. इंग्रजांनी त्यालाच शत्रू धरलं,
तारेआड ठेवलं.
सुटल्यावर बाकीचे बोटीनं गेले,
हा भुसावळहून पॅसेंजर धरून परत आला.
स्टेशनाबाहेर धुडकूआबानं विचारलं,
"कथा जाई राह्यना, भाऊ?"
तो म्हणाला, "घर."
पुढं प्रत्यय नव्हता.
आबानं तरी बैल वळवले, जिनाकडं.

मराठी त्याला माझ्या वडलांनी शिकवली,
सरकीच्या पोत्यांवर बसून.
एका संध्याकाळी तो उठून उभाच राहिला:
"गुरुजी, तुमच्याकडंही क्रियापद शेवटी!
आमच्याकडं वाक्य लांबलं की असंच.
माणूस काय करणार,
शेवटचा शब्द येईपर्यंत कळत नाही."
वडील म्हणाले, "मग तुम्ही इलेक्शनला उभे राहा."

राहिला की. निशाणी कंदील.
जिनपेठेत टेबलावर चढून म्हणायचा,
"मी, तुमच्या या पेठेत, पुढच्या चैत्राच्या आत, नळ..."
आणि शब्द शोधत थांबायचा.
बाया ओरडायच्या, "आनसू!"
मागून कुणी एखादा, "खासू!"
सर्वांत जास्त तोच हसायचा.
सात मतांनी आला.

आठवी वही त्या वर्षी मधेच थांबते.
पुढची पानं कोरी, तीन वर्षं.
त्या तीन वर्षांतलं त्याचं लिखाण माझ्याकडं दुसऱ्या फडताळात आहे:
गटारींचे अंदाज, कंदिलाच्या तेलाचा हिशेब,
आणि ठराव एकतीस.
गावकुसाबाहेर पहिली तोटी.
सूचक: ए. ब्रेट्श्नायडर.
अनुमोदक:
आठ महिने ही जागा रिकामी दिसते.
मग वेगळ्या शाईत, बदरुद्दीन पिंजारी.

तोटी बसली. पुढच्या खेपेला
इमलभाऊला एकोणीस मतं पडली.
ते एकोणीस कोण, वडील बोटांवर मोजायचे,
अठराव्याला थांबायचे,
नि पंचा झटकून उठायचे.

नंतर तो पुन्हा लिहायला लागला, रात्री, जिनाच्या खोलीत.
गेला तेव्हा कुठं पुरायचं, यावर सभेत एकमत होईना.
पिंजाऱ्यांनी जागा दिली.

गेल्या उन्हाळ्यात मैथिली भंगाळे आली.
आजोळ इथलं, वाढली पुण्यात,
कंपनीसाठी जर्मन शिकलेली.
तिनं अकराव्या वहीचं शेवटचं पान
बोट ठेवत ठेवत वाचलं:
"मला वाटतं, की मी या गावाला,
एवढी वर्षं, पाणी सुटायच्या वेळी,
ओळीतल्या घागरींचा आवाज ऐकत ऐकत..."
"पुढं?"
"पुढं काही नाही. क्रियापद इथं यायला हवं होतं."

मी डबा उघडला. भरीत होतं, कळण्याची भाकरी.
अर्धी तिला दिली.
जेवता जेवता आम्ही चार-पाच लावून पाहिली,
समजलो, विसरलो, फसवलं, दिलं.
एकही नीट बसेना.
शेवटी मी म्हटलं, "खासू."
ती हसली नाही.
तिला अहिराणी येत नव्हती.