लाभार्थी किती?

अहवालाचा फॉर्म अकरा पानांचा आहे.
चौथ्या पानावर रकाना : लाभार्थी किती?
सातव्या पानावर : प्रकल्प संपल्यावर काय उरेल?
उद्या दुपारी बाराच्या आत लिस्बनला पोचायला हवा.
मी ग्रासिंदा, पेनिशच्या नगरपालिकेतली कारकून.
आकडे जुळवण्यात माझा हात कुणी धरत नाही.
आज जुळत नाहीत.

धक्क्यावर फाटक्या जाळ्यांचा ढीग होता,
घराएवढा, सार्डिनच्या कुजक्या वासाचा.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात;
हे तर नायलॉन, कुजायचंही नाव घेत नाही,
समुद्रात सुटलं तर
मालकाशिवाय मासे मारत फिरतं.
आम्ही म्हटलं, धुऊ, उसवू, लेस विणू,
वरच्या गल्लीवर ताणू, उन्हाळ्यात सावली पडेल.
कागदावर फार सोपं दिसलं होतं.

एर्मेलिंदाबाई, वय चौऱ्याऐंशी.
पुढ्यात लेसची लोडासारखी उशी, टाचण्यांचं रान,
बोटांत लाकडी बॉबिनांची टकटक,
गारा पडाव्यात दुसऱ्याच कुणाच्या पत्र्यावर तशी.
तिनं नायलॉन नाकाशी नेलं.
"हा धागा नव्हे, हा गुन्हा आहे,"
म्हणाली, आणि निघून गेली.
दुसऱ्या दिवशी आली
घरचा साबण घेऊन.

कस्मुरी जावा बेटावरचा, इथल्या बोटीवर तिसरं वर्ष.
गावानं त्याला पाहिलेलं
सुपरमार्केटच्या रांगेत, पाठमोरं.
पोर्तुगीजचे चाळीस शब्द येतात,
त्यांत तीस मासे.
त्याच्या गाठी वादळात शिकलेल्या.
"सोड," बाई म्हणायची, "लेसमध्ये गाठ म्हणजे हार."
तो सोडायचा.
आणि पुन्हा तीच बांधायचा.
तीन आठवडे हेच चाललं.
फॉर्मात याला ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ म्हणतात.

बेल्मिरो आला तो तक्रार घेऊन :
टकटकीनं झोप लागत नाही.
बायको गेल्यापासून दोन वर्षं पडदे ओढलेले,
शर्टाची बटणं एक घर चुकलेली.
कुणीतरी रीळ त्याच्या हातात दिलं, "जरा धरा."
त्यानं ते सप्टेंबरपर्यंत धरलं.
बरं वाटतंय का, कुणी विचारलं नाही.
एका मंगळवारी बटणं नीट लागलेली होती.
सगळ्यांनी पाहिलं,
आणि सगळे खाली बघून विणू लागले.

जुलैत ताणलं. नगराध्यक्षांनी फीत कापली.
तिसऱ्या रात्री उत्तरेचा वारा सुटला.
सकाळी मधोमध भगदाड, आरपार आभाळ.
बाईच्या पाकळ्या, पंखे, शिंपले
सगळं दोऱ्यादोऱ्यानं लोंबत होतं.
कडेच्या पाच गाठी तेवढ्या जागच्या जागी,
ज्या सोडवायला ती विसरली होती.
(विसरली होती, असं ती म्हणते.)
बाई बराच वेळ वर बघत राहिली.
मग एक तुटका दोर तिनं कस्मुरीसमोर धरला.
"दाखव."
तोवर रोज समोरासमोर बसत होती दोघं;
त्यांची गाठ त्या दिवशी पडली.

भगदाड बुजवलं ते दिसतं, गडद, जाड,
सुबक पदराला ठिगळ लावावं तसं.
दुपारी त्याचीच सावली सगळ्यांत दाट पडते,
आणि पोस्टमन नेमका तिथेच थांबून घाम पुसतो.

तर, लाभार्थी.
कस्मुरीचं नाव रहिवाशांच्या यादीत नाही,
सोमवारी तो बोटीवर गेला, खिशात सहा बॉबिनं घेऊन.
बेल्मिरो तक्रारदार म्हणून नोंदलेला आहे, ते खोडता येत नाही.
शाळेतून काढलेली ती तेरा वर्षांची,
नजर सतत मोबाईलमध्ये, टाका एकदाही न चुकलेली,
तिनं सही करायला नकार दिला.
सातव्या पानावर मी लिहिलं : सावली.
मग वाटलं, ती तर सरकते.
राहू दिलं.

चौथ्या पानावर लिहिलं : सतरा.
खिडकीतून खाली पाहिलं.
खाटकाचं म्हातारं कुत्रं
डोळे न उघडता उठलं,
सावलीबरोबर हातभर सरकलं,
पुन्हा आडवं झालं.
खोडलं.
अठरा.