अर्धा मिलिमीटर

लेन्स उलटी लावायची,
एवढंच पहिल्या दिवशी शिकवलं दिलावर शिकलगारांनी,
बिंदू चौकातल्या त्यांच्या बंद पडत आलेल्या स्टुडिओत,
चहा बशीत ओतता ओतता.
"दुर्बीण उलटी धरली की जग लांब जातं,
लेन्स उलटी धरली की जवळ येतं.
का, ते मला इचारू नका. येतं."

जोडायची रिंग बाजारात मिळते. ती मी विकत घ्यावी?
उद्यमनगरात सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
दुसऱ्या पाळीला, मालक घरी गेल्यावर,
भंगारातला ॲल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये आवळला.
बावन्नचा व्यास, पाऊण मिलिमीटरची पिच,
आणि आटे असे बसले
की लेन्स फिरवताना आवाजसुद्धा आला नाही.

मला वाटलं, झालं.
शतांशात मोजणारा माणूस मी,
कोळी म्हणजे काय, आठ पायांचा जॉब.

पण जॉब चकमध्ये धरता येतो.

न्हाणीघराच्या कोपऱ्यात, गीझरच्या पाइपामागं
उलटा लोंबणारा तो लांबट्या,
पाय केसासारखे, अंग ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही.
माझा श्वास लागला तरी
अख्खा थरथरायचा, इतका
की जाळ्यात नुसतं धुकं उरायचं.
चाळीस फोटो काढले. एकतीस धुक्याचे,
आठ भिंतीच्या पोपड्यांचे,
एक माझ्या अंगठ्याचा.

"रिंग फिरवू नका," शिकलगार म्हणाले, "तुम्हीच हला.
झोपलेल्या पोराच्या मुठीतनं खेळणं काढताना हलतो, तेवढंच."
अर्धा मिलिमीटर काय तो खरा.
त्याच्या अलीकडं धूसर, पलीकडं धूसर.
डोळे धरले की पाय गेले,
पाय धरले की डोळे.
"समदं एकदम कुणाचंच दिसत न्हाई, मिस्त्री."

फ्लॅशला दुधाची पिशवी बांधलेली बघून
मालन आधी हसली,
मग पिशव्या धुऊन माझ्यासाठी दोरीवर वाळत घालू लागली.
पण घटस्थापनेची झाडलोट आली तेव्हा भांडण झालं.
जळमटं म्हणजे अवदसा, ती म्हणाली.
मी जास्त बोललो नाही. गीझरमागचं तेवढं राहू दे, म्हटलं.
तिनं छत झाडलं, माळा झाडला,
केरसुणी घेऊन न्हाणीघरात गेली
नि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भेटला
आयुष्यातला सगळ्यात शहाणा कोळी.
हलेना. थरथरेना.
ओल्या फरशीवर अर्धा तास मी गुडघे टेकून,
तो जागचा ढळला नाही.
प्रत्येक केस, प्रत्येक सांधा धारेवर.
पायांची नखं मोजता येत होती.
त्या दिवशी पाळीतल्या पाचजणांना मोबाइलवर दाखवला,
वॉचमनला तर दोनदा.

शिकलगारांनी भिंग लावलं. गालातल्या गालात हसले.
"डोळ्यांत बघा की. उजेड आरपार चाललाय.
कात हाय ही.
कापडं काढून ठेवून गेलाय गडी."

साडेचार महिन्यांत एकच फोटो धड आला
आणि तो कुणाचाच नाही.

मालनला सांगितलं. वाटलं, फिदीफिदी हसेल.
ती पीठ मळत होती. थांबली.
"मग आता तो कुठाय?
अंगावरचं सगळं टाकल्यावर कोवळा असणार की."

रात्री सव्वाबाराला पाळीवरनं आलो,
हातांना कूलंटचा वास.
न्हाणीघराच्या दारावर खडूनं लिहिलेलं, मालनच्या अक्षरात:
बादली आपटू नये.

दिवा लावला नाही.
कॅमेरा कपाटातच राहिला.
अंधारात, पाइपाच्या बाजूला पाठ न करता,
सुताएवढा नळ सोडून
हात धुतले.