विशेष सूचना

गुदैबियातल्या आमच्या हॉटेलात
आता टेबलाटेबलावर एक चौकोन चिकटवलाय,
मुंग्या लागलेल्या साखरेच्या वडीसारखा.
गिऱ्हाईक येतं, त्याच्यावर मोबाइल धरतं,
आणि मान वर न करता जेवण मागवतं.

एकोणीस वर्षं मी आठ-आठ जणांची ऑर्डर
कागदाशिवाय आत नेली.
दोन खिमा, त्यातला एक बिनकांद्याचा,
रोट्या तीन, कडक,
भिंतीकडच्या म्हाताऱ्याला लिंबू वेगळं.
कुंजुमोन भट्टीवरून ओरडायचा,
तांडेल, मेल्यावर तुझं डोकं मला दे!
आता त्याच्या कानाशी प्रिंटर बसलाय,
दर दोन मिनिटांनी वेडावतो,
पांढरी जीभ काढून.

कंपनीचा पोरगा आला होता, लैथ, अम्मानचा.
मांडीवर लॅपटॉप. म्हणाला,
लोक काय काय बदलून मागतात, सांग.
कमी तिखट. टिक.
कांदा नको. टिक.
मी म्हटलं, तो ट्रेलरवाला पठाण
वीस तारखेनंतर अर्धीच डाळ मागतो.
हाफ प्लेट, टिक.
आणि मी वाटी भरून देतो, ते?
लैथने डोकं खाजवलं.
ते, म्हणाला, तोट्यात धरतात.

मग त्याने पुढचं सांगितलं, चहा थंड करत.
दोन वर्षांत मेनूच राहणार नाही.
माणूस दारात आला की यंत्राला कळेल
त्याला आज काय खायचंय.
आणि मी?
तू रनर.
गुडघ्याचं मी त्याला बोललो नाही.

खोटं कशाला बोलू, बरंही झालंय.
चुटकी वाजवून कुणी बोलवत नाही.
'ए' गेलं, 'शुक शुक' गेलं.
शिंप्याच्या दुकानातला मुका पोरगा
इतकी वर्षं बोट दाखवून बिर्याणीच खायचा,
परवा त्याने चार पदार्थ मागवले,
वर फालुदा.
मी नेऊन ठेवले, तर असा बसला होता
जसा काही हॉटेल त्याचंच.

शेवटी एक रिकामी जागा असते: विशेष सूचना.
तिथे लोक काहीही लिहितात.
बर्फ नको. लवकर. फार लवकर.
सासू सोबत आहे, बिल मला द्या.
हे प्रिंटरला इंग्रजीत कळतं, अरबीत कळतं.

त्या रात्री नऊ नंबरची चिठ्ठी आली:
एक साधा भात, आणि खाली
?????? ???
?? ???? ????
कुंजुमोन म्हणाला, हा भात मागतोय
की परीक्षा घेतोय?

गेलो बाहेर, गुडघा धरत.
विशी-बाविशीचं पोर, कपाळावर हेल्मेटचा वळ,
गालाला रुमाल दाबलेला.
काय लिहिलंस बाबा?
हिंदीत विचारलं. त्याने मोबाइल पुढे केला.

गुरगुट्या द्या. दाढ दुखते.

कितीतरी वेळ मी तो शब्दच बघत राहिलो.
कुठला रे तू?
म्हसळ्याचा.
मी हर्णैचा, म्हटलं, आणि दोघांनाही पुढे
काय बोलावं ते सुचेना.

आत जाऊन कुंजुमोनला समजावलं,
भात असा, की चावायचं कामच नको,
पाणी सुटू दे, वर तूप, मीठ.
अरे, कंजी म्हण ना, तो म्हणाला,
आणि पातेलं शोधायला लागला.
बिलात साधा भातच लावला.
बाकीचं तोट्यात.

तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा
अशी चिठ्ठी येते. कधी मराठी, कधी नेपाळी,
एकदा तमिळ, तेव्हा बाथरूम विचारलं होतं.
प्रिंटर सगळ्यांना सारखंच छापतो,
आणि मी उठून विचारायला जातो.

दर रविवारी लैथचा फोन येतो.
अपडेट करतोय, कुठे काही बिघाड?
मी खिशातल्या चिठ्ठ्या चाचपतो.
नाही, म्हणतो,
सगळं नीट चाललंय.