तीन नंबर

तासगावात बेदाण्याच्या शेडवर सोळा वर्षं
पट्ट्यापाशी बसून माल निवडतेय.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा पडलेला खालच्या क्रेटमध्ये.
देठ राहिलेला तर डोळे मिटूनही कळतो.
म्हणून मिरजेच्या दवाखान्यात
कागदावर ‘ग्रेड तीन’ वाचलं
तेव्हा आधी मनात आलं ते एवढंच :
म्हणजे इथंही कुणीतरी निवडायला बसतं.

नवरा मात्र बाकावर मटकन बसला.
तिसरी स्टेज, तिसरी स्टेज,
एवढंच म्हणत राहिला.

अथणीकर डॉक्टरीणबाईंनी कागद पालथा घातला,
पेनानं मधोमध रेघ मारली.
रेघेच्या अलीकडं ग्रेड :
भिंगाखाली पेशी कशा दिसतात,
अजून घरच्यासारख्या
की चेहरामोहरा सोडून दिलेल्या,
वाढायची घाई किती.
पलीकडं स्टेज :
कुठवर पोचलंय.

त्याला कळेना. मग मीच बोलले.
माझं माहेर सांगलीवाडीचं.
अहो, आयर्विन पुलावर आकडे बघता ना पुरात,
चाळीस फूट, पंचेचाळीस फूट?
ते पाणी कुठवर आलं ते सांगतात.
पाण्याला ओढ किती
ते खांबावर लिहिलेलं नसतं.
ते पाण्यात पाय घालणाराला विचारायचं.

बाई हसल्या. म्हणाल्या, हे मी पुढच्यांना सांगणार.

गाठ तीन सेंटिमीटर.
द्राक्षाएवढी. सुकलेलं नव्हे, ओलं.
काखेतल्या दोन घरांत पाणी शिरलंय.
फुप्फुस, यकृत, हाडं
कोरडी.
म्हणून दुसरी स्टेज, त्यातली ‘ब’.
मी सातवी ‘ब’मध्ये होते,
तिथंच शाळा सुटली.

अन् शेवटी लिहिलेलं : एम शून्य.
आमच्या हजेरीवहीत शून्य म्हणजे खाडा,
त्या दिवसाची मजुरी गेली.
इथं उलटं.
लांबच्या वस्तीवर तो अजून
एक दिवसही कामाला गेलेला नाही.
म्हणजे दिसेल असा तरी नाही,
बाईंनी हेही सांगितलं, लपवलं नाही.

एसटीत कवलापूर गेल्यावर नवरा म्हणाला,
पण त्या तिनाचं काय?
खिडकीतनं बागा पळत होत्या,
छाटलेल्या, नुसत्या काड्या.
मी म्हटलं, घाईचं जे असतं
ते औषधाला ऐकतंही घाईनं.
कधी कधी.
‘कधी कधी’ बाईंचंच.
माझ्या पदरचं
त्यात काहीच घातलं नाही.

सोमवारी पहिलं सलाईन.
त्याआधी शेडवर सांगायला हवं.
मुकादम रंजाना पक्की आहे,
सुट्टी मागितली की आधी विचारते, किती खाडे?
मग हळूच, कुठला नंबर गं?
सांगेन,
माल तीन नंबरचा निघाला.
सौदा अजून व्हायचाय.