तुसाच्या जागी

कांपोतला, नदीकाठच्या चानथूच्या पाहुणघरात
निळ्या बादलीत एक मातीचं मडकं बसवलंय.
ते गळतं.
गळावं म्हणूनच घडवलंय.

कुंभार मातीत भाताचं तूस कालवतो,
भट्टीत तूस जळून जातं
आणि जिथे ते होतं तिथे उरतात
डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ्या.
पाणी तेवढं निसटतं त्यातून,
दुखणं आतच अडतं.
चानथू हे सगळं हातांनी सांगते.
तिचं इंग्रजी खोल्यांच्या भाड्यापुरतं.

योरिस आला तो दोन्ही काखांत बाटल्यांचे गठ्ठे घेऊन,
सहा नि सहा बारा.
घरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं,
दातसुद्धा सीलबंद पाण्यानेच घास.
डॉक्टर खोटं बोलले नव्हते.
रिकाम्या बाटलीचं पुढे काय, एवढंच राहिलं सांगायचं;
त्यांच्या गल्लीत ती न्यायला गाडी येते.
इथे परसात खड्डा, तिन्हीसांजेला एक काडी,
आणि काळा धूर
चानथूच्या नातवाच्या उशापर्यंत.

तिने वाद घातला नाही.
तोटीखाली पेला धरला, आधी आपण प्यायली,
नातवाला पाजलं, मग त्याच्यापुढे केला.
तो म्हणाला, उद्या.

तो उद्या चौथ्या दिवशी उजाडला.
बारावी बाटली संपलेली, दुकान बंद,
ऊन मी म्हणत होतं.
प्यायला.
रात्रभर पोटाकडे कान लावून पडला.
पोट काही बोललं नाही.

निघताना त्याने उशीवर पैसे ठेवले
आणि गोळ्यांची एक पट्टी, पाच शिल्लक.
असू देत, कुणाला तरी लागतील.

चानथू पट्टी घेऊन रिक्षामागे धावली.
तिच्या बिस्किटांच्या डब्यात अशा कितीतरी आहेत,
सात देशांच्या लिपीतल्या.
कशावरच्या, कुणास ठाऊक. कुणाला देववत नाहीत.
नदीत टाकवत नाहीत,
नदी मासे पितात, मासे आम्ही खातो.

पट्टी तिने त्याच्या मुठीत दाबली,
दुसऱ्या हातात त्याचीच जुनी बाटली,
मडक्यातल्या पाण्याने काठोकाठ.

उरलेल्या अकरांपैकी चार कापून
तिने मिरीची रोपं लावलीत.
सात अजून खड्ड्यात पडून आहेत.
पाऊस नाही, वारा नाही, काडेपेटी कोरडी आहे.
ती रोज संध्याकाळी खड्ड्यापाशी जाते
आणि तशीच परत येते.